देवळाविना दीपमाळ

पॅरिसच्या ऐन मध्यात, र्‍यू द रिव्होली आणि बुलव्हार द सेबास्तोपोल हे दोन रुंद रस्ते जिथे भेटतात, तिथे एक छोटी बाग आहे. बागेत बाकं आहेत, झाडं आहेत, दुपारी डबा खायला येणारी ऑफिसातली माणसं आहेत आणि या सगळ्यांच्या मधोमध एक दगडी मनोरा एकटाच उभा आहे. उंची ५४ मीटर. आजूबाजूच्या सहा-सात मजली इमारतींची छपरं मागे टाकून तो कितीतरी वर निघून जातो. अंगभर कोरीवकाम, कोनाड्यांत संतांचे पुतळे, कडेकडेने माना बाहेर काढून ओणवलेली पन्हाळ्यांची जनावरं, आणि अगदी माथ्यावर संत याकोब. त्याच्या सोबतीला सिंह, बैल, गरुड ही शुभवर्तमानकारांची, म्हणजे येशूचं चरित्र लिहिणाऱ्यांची, चिन्हं.

याचं नाव तूर सँ-झाक, म्हणजे संत याकोबाचा मनोरा. शातलेच्या स्टेशनातून वर आलं की तो समोर दिसतो. या शहरात राहायला आले तेव्हा कितीतरी दिवस मी त्याला एक स्मारक समजत होते. कुणा राजाने कसल्या तरी विजयासाठी मुद्दाम उभारलेलं. इतका देखणा, इतका पूर्ण वाटतो तो. जवळ जाऊन निरखलं की मात्र लक्षात येतं, हे शरीर एकट्याचं नाही. हा एका चर्चच्या घंटांसाठी बांधलेला मनोरा. घंटाही गेल्या आणि चर्चही गेलं.

ते चर्च खाटकांचं. सँ-झाक द ला बूशरी, खाटीकआळीतलं संत याकोबाचं चर्च. मध्ययुगात सेन नदीच्या उजव्या तीरावर, शातलेच्या गढीला लागून शहराचा मोठा मांसबाजार होता. जनावरं इथेच आणायची, इथेच कापायची, चामडं शेजारच्या गल्ल्यांत जायचं. वास, चिखल, रक्त आणि पैसा, सगळं इथे एकत्र. या व्यापारातली घराणी श्रीमंत होती आणि श्रद्धाळूही होती. त्यांच्या दानावर हे चर्च वाढत गेलं. दक्षिणेकडे, स्पेनमधल्या सांतियागो दे कोंपोस्तेलाला संत याकोबाच्या समाधीच्या दर्शनाला पायी निघणारे यात्रेकरूही इथे थांबत. उत्तरेकडून आलेली माणसं इथे डोकं टेकवून नदी ओलांडत आणि ओर्लेआँ, तूर, प्वातिये, बोर्दो असं करत महिनोन्‌महिने चालत राहत. याच नात्यामुळे १९९८ साली फ्रान्समधल्या यात्रामार्गांबरोबर हा मनोराही जागतिक वारशाच्या यादीत गेला.

मनोरा बांधला १५०९ ते १५२३ या काळात. झाँ द फेलँ आणि त्यांच्याबरोबरचे कारागीर यांचं हे काम. तारखा पाहून कुणी म्हणेल की हे मध्ययुग कसलं? इटलीत तोवर नव्या युगाची घुमटं आणि खांब उभे राहिले होते, लिओनार्दो तर १५१९ साली फ्रान्समध्येच वारला. पण शैलींचा काळ राजांच्या तारखांप्रमाणे संपत नाही. पॅरिसच्या पाथरवटांच्या हातांत अजून गॉथिकच होतं, आणि तेही त्याचं शेवटचं, ज्वाळांसारखं वळसे घेत वर चढणारं रूप. मला या मनोऱ्याची सगळ्यात जास्त ओढ वाटते ती इथे. एक घडण संपायला आली आहे, आणि ज्यांच्या हातात ती आहे ते हातचं काहीही राखून न ठेवता ती दगडात उतरवत आहेत.

मग १७८९ची क्रांती आली. चर्चच्या मालमत्ता राष्ट्राच्या झाल्या. हजारो चर्चमधल्या घंटा उतरवून वितळवल्या गेल्या; त्यांची नाणी झाली, तोफा झाल्या. १७९३ साली एका पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीला, एकच घंटा ठेवायची असा हुकूम निघाला. इथून चालत पाच मिनिटांवर सँ-मेरी नावाचं चर्च आहे, तिथे १३३१ साली ओतलेली एक घंटा या सगळ्यातून वाचली आणि ती पॅरिसमधली सर्वात जुनी घंटा मानली जाते. सँ-झाकच्या घंटा वाचल्या नाहीत. माथ्यावरचा संत याकोबही खाली ढकलला गेला. आज दिसतो तो एकोणिसाव्या शतकातला. आणि १७९७ साली चर्चची इमारतच विकली गेली. घेणाऱ्याने ती पाडली आणि दगड विकले.

त्या वर्षांत असं फार ठिकाणी झालं. बर्गंडीतलं क्लुनीचं मठ-चर्च एके काळी ख्रिस्ती जगातलं सर्वात मोठं होतं. तेही असंच विकलं गेलं, सुरुंग लावून पाडलं गेलं आणि कित्येक वर्षं गावाला बांधकामाचा दगड पुरवत राहिलं. आज त्याचा अगदी थोडा भाग उभा आहे. तूर शहरात संत मार्टिनच्या प्रचंड चर्चचे दोन मनोरे तेवढे राहिले, मधून आता रस्ता जातो. सँ-झाकच्या विक्रीत मात्र एक अट होती : मनोरा पाडायचा नाही.

माझी आत्या सांगलीहून आमच्याकडे राहायला आली होती, तेव्हा तिला मी ही हकिकत बागेतल्या बाकावर बसून सांगितली. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, वर बघितलं आणि म्हणाली, “अगं, म्हणजे दीपमाळ ठेवली आणि देऊळ पाडलं? मग दिवे लावायचे कुणापुढे?”

तिचा प्रश्न मला सोडून गेला नाही. दीपमाळ देवळासमोर असते, देवळासाठी असते. तिला स्वतःचा देव नसतो. घंटेचा मनोराही तसाच. तो माणसांना बोलवायचा. सकाळची प्रार्थना, लग्न, मरण, आग, शत्रू, सगळ्यांची खबर तो द्यायचा. बोलावणं ऐकून माणसं यायची ती मनोऱ्यात नाही, शेजारच्या चर्चमध्ये. तिथे ती गुडघे टेकायची, तिथे मुलांना बाप्तिस्मा द्यायची, तिथल्याच फरशीखाली आपल्या माणसांना पुरायची. बोलावणारा राहिला आणि यायची जागा गेली, हे या बागेतलं खरं दुःख आहे. ते कुठल्याही पाटीवर लिहिलेलं नाही, पण एकदा कळलं की मग मनोरा पूर्वीसारखा पूर्ण दिसत नाही.

तरीही तो उभा का राहिला, याचा विचार करताना मी एका ठिकाणी येऊन थांबते. नुसती अट कागदावर असून भागत नाही. पडीक इमारतीला अट वाचवत नाही. तिचं छप्पर गळतं, दगड निसटतात, लोक रात्री येऊन हाताला लागेल ते उचलतात आणि एक दिवस अधिकारी येऊन ती धोकादायक ठरवतात. या मनोऱ्याला वाचवलं ते छरे पाडणाऱ्यांनी.

शिकारीच्या बंदुकीत लागतात ते शिशाचे छरे. पूर्वी ते साच्यात ओतत, आणि ते काम फार किचकट असायचं. १७८२ साली ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्स नावाच्या माणसाने एका वेगळ्याच पद्धतीचं पेटंट घेतलं. थोडं आर्सेनिक मिसळलेलं शिसं वितळवायचं, उंचावरून चाळणीतून ओतायचं, खाली पाण्याचं टाकं ठेवायचं. पडता पडता प्रत्येक थेंब आपोआप गोल होतो आणि खाली पोचेपर्यंत त्याला आकार धरण्याइतका थंडावा मिळतो. पाण्यात पडला की छरा तयार. त्यासाठी यंत्र लागत नाही, फक्त उंची लागते. पॅरिसच्या मध्यात अशी आतून मोकळी, उभीच्या उभी उंची फुकट उभी होती. जिथून घंटेचा नाद खाली यायचा तिथून आता वितळलेलं शिसं पडू लागलं.

काहींना हे विटंबना वाटेल. मला वाटत नाही. धूर, काजळी, तापलेल्या धातूचा वास, जिन्यावरून शिशाच्या कांड्या वाहणारी माणसं हे सगळं मी डोळ्यांसमोर आणते तेव्हा मला त्या कामगारांबद्दल कृतज्ञताच वाटते. त्यांना कुणी वारसा जपायला सांगितलं नव्हतं. पण जिना शाबूत ठेवणं, भिंत धड ठेवणं हे त्यांच्या पोटाचं काम होतं. अधांतरी सापडलेली ती वर्षं त्यांनी या दगडांना पार करून दिली. आज पायथ्याशी मोठमोठ्यांची नावं आहेत. छरे पाडणाऱ्यांतल्या एकाचंही नाव तिथे असतं, तर मला फार बरं वाटलं असतं.

आणि हे कामाला लागून टिकणं मला परकं नाही, कारण आपल्याकडे याचीच दुसरी बाजू आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिथल्या पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळांत टांगल्या. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेच्या घाटावर अशी एक घंटा आहे; तिच्यावर माता मरिया आणि बाळ येशू आहेत, आणि १७०७ हे वर्ष आहे. नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळाची घंटा तर सगळ्या शहराच्या ओळखीची. पुराच्या आठवणी निघाल्या की तिचंही नाव निघतं. या घंटांचे मनोरे वसईच्या किल्ल्यात राहिले, उघडे, वडा-पिंपळांनी वेढलेले. युद्धात काढून नेलेली वस्तू ती, हे विसरायचं कारण नाही. पण त्या वितळवल्या असत्या तर आज ना वसईत असत्या ना मेणवलीत. दुसऱ्या देवापुढे वाजल्या म्हणून त्या घंटा उरल्या. पॅरिसमध्ये घंटा गेल्या आणि मनोरा राहिला. मला या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात, त्यातून लगेच कुठलाही निवाडा न काढता.

१८३६ साली पॅरिस शहराने हा मनोरा विकत घेतला. त्यामागे फ्रान्स्वा आरागो यांचा आग्रह होता. आरागो पदार्थवैज्ञानिक आणि खगोलशास्त्रज्ञ. उंचीची किंमत त्यांना वेगळ्या कारणासाठी कळत होती. पुढे १८५०च्या दशकात र्‍यू द रिव्होली पूर्वेकडे वाढवायला घेतला. जुन्या गल्ल्या, वाकडीतिकडी घरं, सगळं उडवून सरळ रस्ता काढायचा होता. त्यात एक अडचण आली. मनोरा होता तो भाग थोडा उंचवट्यावर होता. रस्ता सपाट करण्यासाठी उंचवटा खोदून काढला तेव्हा मनोऱ्याचा पायाच उघडा पडला. थेओदोर बाल्यू या वास्तुकाराने त्याला खालून आधार दिला, भोवती पायऱ्यांचा नवा चौथरा बांधला, झिजलेलं कोरीवकाम बदललं, रिकाम्या कोनाड्यांत नवे पुतळे बसवले. भोवताली बाग झाली.

बाल्यूंचं काम उत्तम आहे यात शंका नाही. त्यांनी केलं नसतं तर मनोरा कोसळला असता. पण त्या चौथऱ्याने एक गोष्ट कायमची पुसली. पूर्वी चर्चमधून मनोऱ्यात शिरायचं तर जमिनीवरून सरळ आत शिरायचं. खाटीकही शिरत होते, यात्रेकरूही शिरत होते. आता तो वर ठेवलेला आहे, चारी बाजूंनी कमानी मोकळ्या, दिवाणखान्यात मांडलेल्या वस्तूसारखा. ज्या गल्ल्यांतून तो एकदम वर उसळलेला दिसत असेल त्या गल्ल्याच नाहीत. जपणं म्हणजे काय, याचा मला इथे नेहमी पेच पडतो. दगड तेच ठेवले, पण त्यांचं जमिनीशी असलेलं नातं बदललं. याला वाचवणं म्हणायचं की नव्याने बांधणं? माझं मत असं की बाल्यूंना दुसरा मार्ग नव्हता, पण रस्ता आखणाऱ्यांना होता. तो उंचवटा थोडा राखता आला असता.

त्या मोकळ्या कमानींखाली शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कलचा संगमरवरी पुतळा आहे. तो इथे का, याची गोष्ट मनोऱ्याइतकीच सुंदर आहे. काचेच्या नळीत पारा भरून ती पाऱ्याच्या वाटीत उलटी केली की पारा थोडा उतरतो आणि साधारण ७६ सेंटिमीटरवर थांबतो. त्याला तिथे कोण धरून ठेवतं? इटलीतल्या तोरिचेल्ली या शास्त्रज्ञाने म्हटलं होतं, बाहेरच्या हवेचं वजन. पास्कलने विचार केला, तसं असेल तर उंचावर गेल्यावर डोक्यावरची हवा कमी होते, पारा आणखी उतरला पाहिजे. तो स्वतः प्रकृतीने नाजूक. १९ सप्टेंबर १६४८ रोजी त्याच्या मेहुण्याने, फ्लोराँ पेरियेने, प्वी द दोम या डोंगरावर नळी चढवून नेली. पारा सुमारे ८ सेंटिमीटर उतरला. मग पास्कलने पॅरिसमध्ये सँ-झाकच्या मनोऱ्यावर तोच प्रयोग केला. पन्नासेक मीटर चढलं की पारा जेमतेम साडेचार मिलिमीटर उतरतो. पण उतरतो, आणि डोळ्यांना दिसतो. काही अभ्यासक म्हणतात की तो मनोरा हा नव्हे, नदीपलीकडच्या दुसऱ्या सँ-झाक चर्चचा. शहराने मात्र पुतळा इथे बसवला.

मला आवडतं ते असं की तेव्हा हे चर्च जिवंत होतं. खाली मासची प्रार्थना चालू असेल, वर घंटा असतील, आणि जिन्याच्या तीनशे पायऱ्या चढून कुणीतरी पाऱ्याची नळी सांभाळत वर नेतोय. पास्कल स्वतः मनापासून श्रद्धाळू होता. देव आणि पारा यांच्यात त्याला निवड करायची नव्हती. १८९१ पासून मनोऱ्याच्या माथ्यावर हवामानाच्या नोंदी घेणारी उपकरणं बसली आणि वारा, तापमान, दाब यांची मोजणी इथून होऊ लागली. घंटा, शिसं, पारा, वाऱ्याची दिशा. प्रत्येक पिढीने या उंचीला काहीतरी काम दिलं, आणि प्रत्येक कामाने तिला पुढच्या पिढीपर्यंत आणून सोडलं.

या हिशेबात चर्च का बसलं नाही? मला वाटतं, त्याचं काम दुसऱ्या कशाने बदलता येण्यासारखं नव्हतं. उंची कुणालाही वापरता येते. पण ज्या फरशीवर अमुक कुटुंब अमुक खांबापाशी चारशे वर्षं उभं राहत आलं, तिचा उपयोग फक्त त्या कुटुंबाला. ती माणसं पांगली की फरशी म्हणजे नुसता दगड.

त्या फरशीतला एक दगड मात्र राहिला, आणि तो निकोला फ्लामेलचा आहे. फ्लामेल चौदाव्या शतकातला लेखनिक. याच चर्चच्या सावलीत त्याचं पोथ्या नकलून देण्याचं आणि कागदपत्रं लिहून देण्याचं दुकान होतं. तो आणि त्याची बायको पेर्नेल यांनी बराच पैसा जोडला, घरं घेतली आणि दान केलं. १३८९ साली या चर्चचा एक दरवाजाही बांधून दिला. र्‍यू द मोंमोरँसीवर त्याने १४०७ साली बांधलेलं घर आजही उभं आहे, पॅरिसमधलं सर्वात जुनं दगडी घर म्हणून ते दाखवतात. तो १४१८ साली गेला आणि याच चर्चमध्ये त्याला पुरलं. दोनशे वर्षांनी त्याच्याबद्दल कहाण्या निघाल्या की त्याला परीस सापडला होता, तो शिशाचं सोनं करायचा, तो मेलाच नाही. आज जगभरची मुलं त्याला याच कहाण्यांमुळे ओळखतात.

चर्च पाडलं तेव्हा त्याच्या थडग्याचा दगड कुठेतरी विकला गेला. सांगतात की तो पुढे एका भाजीवालीच्या दुकानात सापडला; ती त्याच्या सपाट पाठीवर पालक चिरत असे. आता तो सेनच्या पलीकडे क्लुनी संग्रहालयात आहे. फार मोठा नाही. वरच्या भागात ख्रिस्त, दोन्ही बाजूंना पीटर आणि पॉल, मध्ये सूर्य आणि चंद्र. अगदी खाली एक प्रेत. फ्लामेलने तो जिवंतपणीच करून ठेवला होता. मधल्या ओळींमध्ये परीस नाही, सोनं नाही. तिथे लिहिलंय ते एका व्यवस्थित लेखनिकाच्या हातचं : दिवंगत निकोला फ्लामेल याने मृत्युपत्राने या चर्चला काही घरं आणि भाड्याचं उत्पन्न दिलं आहे, त्यातून दरवर्षी प्रार्थना व्हावी आणि कँझ-व्हँ, ओतेल-द्य आणि पॅरिसमधली इतर चर्चं आणि रुग्णालयं यांना पैसे वाटले जावेत.

मी तो मजकूर वाचला तेव्हा मला मनोऱ्यापेक्षा त्या यादीचं जास्त वाटलं. दान ज्या चर्चच्या हवाली केलं ते चर्च नाही. पण कँझ-व्हँ आहे. तेराव्या शतकात नवव्या लुईने आंधळ्यांसाठी काढलेलं ते घर अठराव्या शतकात जागा बदलून बास्तीयजवळ र्‍यू द शाराँतोंवर गेलं, आणि आजही ते पॅरिसचं डोळ्यांचं मोठं रुग्णालय आहे. रात्री-अपरात्री कुणाच्या डोळ्याला इजा झाली की लोक तिथेच जातात.